लिफ्टर बदला म्हणता

लिफ्टर बदला म्हणता, तं बदला.
पाच वर्षांत चौथा होईल हा.
मी फक्त खडू धरतो गा, फळ्यावर आकडे मांडतो.
पण आकडे मांडणाऱ्याला कधी कधी
खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसते,
त्याला चेंडू अडवायचा नसते ना.

चिचटोल्याच्या मंडईत पंधरा-चार हरलो.
चार लिहून मी खडू तसाच धरून उभा,
पाचवा येईल म्हणून.
बक्षिसाचा बोकड समोर खुंट्याला,
तोही पाला खाऊन झोपून गेला.
रात्रीच्या नाटकाला कोणी थांबलं नाही.

परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
सगळे एका पोट्ट्याकडे पाठ करून बसले.
डिलेश कापगते. वय सतरा.
बोटांना काळी टेप, वायरला लावतात ती,
माझ्याच दुकानातून नेलेली, पैसे अजून बाकी.
त्यानं रस्ताभर एकेक टेप सोडली
आणि गोळी करून खिशात ठेवली.
फेकली नाही.

आता ऐका.
लिफ्टरच्या हातात येते तो चेंडू
आपणच पाठवलेला असते.
मी मोजलं आहे. एकतीस वेळा
मागच्या लायनीचा पहिला हात
एक तं बाभळीकडे गेला, नाही तं मंडपाच्या दोरीवर.
पोट्टा धावला. एकतीस वेळा धावला.
दोरीत पाय अडकून पडला,
पडल्या पडल्या चेंडू वर दिला,
आणि लंज्यांच्या टेकचंदनं तो नेटमध्ये हाणला.
टेकचंद उडी मारते तेव्हा डोळे मिटते.
हे कोणी पाहिलं काय?
शिव्या मात्र डिलेशच्या नावानं.

साकोलीचा भाड्याचा आणू म्हणता,
तीन हजार अन् वरून कोंबडा.
आणा. चांगला उचलेल तो.
रात्री पैसे मोजून बसनं जाईल,
बाभूळ इथंच राहील, टेकचंदही इथंच.

मी पऱ्ह्यांचा दाखला देणार होतो,
उपटून उपटून मूळ पाहू नये वगैरे,
पण तुम्ही सगळे धानवाले, मलाच शिकवाल.
मी पंक्चरवाला, ट्यूबचं सांगतो.
दर वेळी नवी ट्यूब टाकली
अन् काटा टायरातच राहू दिला,
तं दुकान माझं चालते,
सायकल तुमची चालत नाही.

खेमराजला दोन मंडया दिल्या, काढला.
मधला तो टेंभुर्ण्यांचा, त्याचं नावही आठवत नाही,
तीन सामने खेळला असेल.
मग शहाऱ्यांचा मुनेश्वर. एकच मंडई.
आता नागपूरच्या गोदामात पेट्या उचलते.
दिवाळीत आला होता,
मैदानाला वळसा घालून घरी गेला.
मी हाक मारली, त्यानं ऐकली,
पण थांबला नाही.

खरं सांगू?
त्या साली याच बैठकीत, याच सतरंजीवर,
'काढा त्याला' म्हणणारा पहिला आवाज माझा होता.
तेव्हा मला फार समजत होतं.

काल लाइट गेल्यावर शटर ओढत होतो,
मैदानावरून आवाज आला. धप. मग काहीच नाही. मग धप.
मोबाइलचा टॉर्च लावला अन् लगेच बंद केला,
त्याला दिसू नये म्हणून.
अंधारात चेंडू वर टाकत होता पोट्टा.
वर गेलेला मला दिसत नव्हता,
त्यालाही दिसत नसेल,
पण दर वेळी तो त्याच्याखाली होता.
दोनदा चुकला.
तेही मोजलं मी, सवय आहे.

तीन मंडया द्या त्याला. हरलो तरी द्या.
तोवर मागच्या लायनीला कोणी तरी
पहिला हात शिकवा,
अन् टेकचंदला डोळे उघडायला.

एवढंच.
पुढची मंडई बोरटोल्याला, शुक्रवारी.
ट्रॉलीत डिलेशच्या बाजूची जागा माझी,
आताच सांगून ठेवतो.